हार्मोनियमवरचं कापड : एका मराठी मंडळीतलं नैराश्याचं प्रकरण

मी समुपदेशक आहे. नागपुरातल्या एका मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर मंगळवारी दुपारी दोन तास बसते, संडे स्कूलच्याच खोलीत, भिंतीवर नोहाचं तारू आणि मुलांनी रंगवलेला जिराफ. ज्यांचं हे प्रकरण आहे त्यांनी आणि त्यांच्या पत्नीनं ते लिहायला होकार दिला. मसुदा दोघांनी वाचला, दोन ठिकाणी कात्री लावली. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मंडळीतली पोरं त्यांना 'काका' म्हणतात, मीही इथे तेच म्हणते.

पार्श्वभूमी

काका ५४ वर्षांचे. रेल्वेत तंत्रज्ञ, पाळीची ड्युटी, अजनीच्या बाजूला राहायला. तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती घर. पत्नी बालवाडीत शिकवतात, मुलगी पुण्याला नोकरी करते. दारू नाही, कर्ज नाही, घरात धुसफूस नाही. गेली पंचवीस वर्षं रविवारच्या उपासनेत हार्मोनियम त्यांच्याकडे. पेटी मंडळीची, पण तिच्यावर घालायचं मरून रंगाचं मखमली कापड काकूंनी शिवलेलं.

२०२३ च्या ऑगस्टपासून त्यांची झोप पहाटे साडेतीनला मोडू लागली. जेवणाची चव गेली, तीन महिन्यांत सात किलो वजन उतरलं. शेडमध्ये हातून चुका होऊ लागल्या, त्या सोबत्यांनी सांभाळून घेतल्या. काकू म्हणायच्या पाळीमुळे झोप नाही, झोप नाही म्हणून भूक नाही. पटण्यासारखं होतं, म्हणून कोणी पुढे काही विचारलं नाही.

ऑक्टोबरच्या एका रविवारी अर्पणाच्या वेळचं गीत चालू असताना पेटी थांबली. मी तिसऱ्या बाकावर होते. काकांची बोटं पट्ट्यांवर तशीच दाबलेली, भाता चालवणारा डावा हात मात्र थांबलेला. सूर खाली बसत बसत विरून गेला. लोक दोन ओळी तसेच गात राहिले, मग ढोलकवाल्या पोरानं सांभाळून नेलं. उपासना संपल्यावर काकांनी कापड घातलं, चारी कोपरे नीट केले आणि मंडळीच्या धर्मगुरूंना, पाळकसाहेबांना, सांगितलं, पुढच्या रविवारपासून दुसरं कोणी बघा.

अडचण

अडचण आजाराची होतीच. पण आजाराला नाव मिळायला जो वेळ गेला, तो एका प्रश्नामुळे गेला : "पण झालं काय?"

काहीच झालं नव्हतं. घरात मृत्यू नाही, नोकरीवर गदा नाही, मुलगी सुखात. लोकांना कारण लागतं, आणि नसलं की ते बनवतात. मंडळीच्या एका वडिलांना, म्हणजे कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांपैकी एकाला, मनात लपलेलं पाप दिसलं. महिला मंडळातल्या एका बाईंना क्वार्टरमध्ये 'काहीतरी' आहे असं वाटलं. स्वतः काकांनी सगळ्यात वाईट कारण शोधून काढलं. आमच्या पहिल्या भेटीत ते म्हणाले, "देवानं सगळं देलं मॅडम. तरी मले रडू येते. मंग मी कृतघ्नच नाही का?"

या एका वाक्यात प्रकरणाची गाठ आहे. ज्या विश्वासानं त्यांना आयुष्यभर धरून ठेवलं, त्याचाच आता चाबूक झाला होता. पहाटे साडेतीनला उठून ते पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडायचे, कशाविषयीही चिंता करू नका हे फिलिप्पैकरांस पत्रातलं वचन वाचायचे, आणि आपल्याला ते पाळता येत नाही म्हणून आणखी खचायचे. प्रार्थनेला शब्द सुचत नव्हते. शब्द सुचत नाहीत म्हणजे देवानं सोडलं, असा त्यांनी हिशेब लावला.

नैराश्यात अपराधीपणाची भावना हे लक्षण असतं, ताप असतो तसं. पण देवभीरू माणसाच्या बाबतीत ते लक्षण म्हणून ओळखूच येत नाही, कारण ते पश्चात्तापासारखं दिसतं. पश्चात्तापानंतर माणूस हलका होतो. इथे काका रोज क्षमा मागत होते आणि रोज जड होत होते. मी पाळकसाहेबांना हा फरक सांगितला तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. नंतर म्हणाले, हे आम्हाला सेमिनरीत कोणी शिकवलं नाही.

नैराश्य मोजण्याची नऊ प्रश्नांची एक प्रचलित प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, गुण ० ते २७, जितके जास्त तितकं नैराश्य जास्त. काकांचे १९ आले. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. त्यावर त्यांनी 'काही दिवस' या रकान्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे पाळकसाहेबाले सांगू नका."

समोरचे पर्याय

इथे मला पहिला निर्णय घ्यायचा होता, तो म्हणजे या उत्तरावर पुढे विचारायचं की नाही. उघड विचारलं तर डोक्यात नसलेलं भरवलं जाईल, ही भीती घरोघरी आहे. ती खरी नाही. विचारल्यानं विचार पेरला जात नाही, उलट एकट्यानं वाहिलेलं ओझं पहिल्यांदा खाली ठेवायला मिळतं. म्हणून सरळ विचारलं : जीव द्यावा असं वाटतं का, कसा ते ठरवलंय का, कधी. ठरवलेलं काही नव्हतं. सकाळी उठूच नये असं मात्र रोज वाटत होतं. काकूंना सांगायला ते तयार झाले. पाळकसाहेबांना सांगायचं की नाही हे मी त्यांच्यावर सोडलं, पण एक अट घातली : विचार वाढले तर गुपित राहणार नाही.

मंडळीच्या वडिलांनी एकवीस दिवसांची उपास-प्रार्थना सुचवली होती, रोज संध्याकाळी कोणाकोणाच्या घरी. हेतू चांगलाच होता. पण सात किलो वजन गेलेल्या माणसाला उपास? आणि रोज दहा माणसांसमोर बसून 'आज कसं वाटते?' याला उत्तर द्यायचं? दुसरा विचार काकूंचा : नाताळापर्यंत थांबू, मुलगी येईल, घर भरेल, आपोआप बरं वाटेल. मला हे धोक्याचं वाटलं, कारण आनंदाचा सण नैराश्यातल्या माणसाला बरं करण्याऐवजी उघडं पाडतो.

तिसरा पर्याय डॉक्टरांचा. त्यातही घोळ होता. रेल्वेच्या दवाखान्यात दाखवलं तर कागदावर येईल आणि कामावर परिणाम होईल अशी काकांना धास्ती. प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव काढताच ते उठूनच उभे राहिले. नागपूरकराला कारण सांगायला नको. त्या चौकाला अख्खं गाव अजून 'पागलखाना चौक' म्हणतं, ऑटोवाले त्याच नावानं ओरडतात. "तिथं उतरताना कोणं पाह्यलं तं?" मेडिकलची, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाची, ओपीडी स्वस्त आणि चांगली, पण रांगेत चार तास उभं राहण्याचं बळ त्यांच्यात नव्हतं. शेवटी धंतोलीतले एक खासगी मानसोपचारतज्ज्ञ ठरले. धंतोलीत दवाखान्यांची इतकी दाटी आहे की कोण कोणाकडे चाललंय हे कळत नाही. उपचाराच्या निवडीत हा मुद्दा हास्यास्पद वाटेल. माझ्या अनुभवात तोच निर्णायक ठरतो.

एक शंका मात्र काकांनी स्वतः काढली, आणि तिला उत्तर देणं माझं काम नव्हतं. गोळी घेणं म्हणजे अविश्वास नाही का? ते पाळकसाहेबांना विचारायला हवं होतं, आणि त्यासाठी आधी पाळकसाहेबांना सांगायला हवं होतं. काका स्वतःच तयार झाले.

काय केलं

पाळकसाहेब घरी गेले. काकूंनी चहा ठेवला. मीही होते. नेहमीप्रमाणे वचन, प्रार्थना, आशीर्वाद असा क्रम होईल असं मला वाटलं होतं. त्यांनी बायबलमधलं स्तोत्र ८८ काढलं. हे स्तोत्र उपासनेत फारसं वाचलं जात नाही, कारण ते वर येतच नाही. बाकी विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. वाचून झाल्यावर पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं नाही. म्हणाले, "काका, हे पण प्रार्थनाच आहे. कोणीतरी ती लिहिली, आणि लोकांनी ती पुस्तकातून काढून नाही टाकली."

काका पहिल्यांदा मोठ्यानं रडले.

मरणाच्या विचारांबद्दलही तिथेच बोलणं झालं. असे विचार आले म्हणजे आपण नरकाचे धनी, ही त्यांची समजूत होती. पाळकसाहेबांनी बायबलमधली एलीया, योना, ईयोब ही नावं घेतली. तिघांनीही मरण मागितलं, आणि देवानं तिघांपैकी कोणालाही टाकलं नाही. गोळीच्या प्रश्नाला त्यांचं उत्तर छोटं होतं : पौल लूकला 'प्रिय वैद्य' म्हणतो, वैद्यकी सोड म्हणत नाही. मला याच्या जोडीला आपल्या गावाचा दाखला द्यावासा वाटला. १८४५ मध्ये स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप इथे आले, त्यांच्या मिशननं शाळा काढल्या, पुढे दवाखानेही उभे राहिले, आणि आपण त्यांचेच वारसदार गोळीला घाबरतो! पण ती वेळ माझ्या भाषणाची नव्हती.

डॉक्टरांनी आधी थायरॉइड आणि बी-१२ तपासायला सांगितलं, कारण दोन्हींत बिघाड असला तर असंच दिसू शकतं. पूर्वी कधी अति उत्साहाचे, झोपेशिवाय चालणारे दिवस आले होते का, हेही खोदून विचारलं. तसं काही नव्हतं. मग सकाळची एक गोळी सुरू झाली. त्यांनी एक गोष्ट स्वच्छ सांगितली, ती मी प्रत्येक घरात आता पुन्हा पुन्हा सांगते : गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त, आणि त्रास मात्र पहिल्या दिवसापासून होऊ शकतो. मळमळ, अस्वस्थता. म्हणजे सुरुवातीचे दिवस फक्त तोट्याचे. तेवढ्यात बरेच लोक सोडून देतात. गोळ्यांची पाकिटं काकूंनी स्वतःकडे, स्टीलच्या डब्यात ठेवली. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा चोवीस तासांचा मोफत क्रमांक फ्रिजवर चिकटवला. काकांनी त्यावर कधी फोन केला नाही. काकूंनी दोनदा केला, रात्री, स्वतःसाठी.

या सगळ्यात ज्या माणसाचं काम सर्वांत मोठं, तो आमच्या मंडळीचा नाही. शेडमधला त्यांचा मित्र, बौद्ध. दर गुरुवारी सकाळी साडेसातला स्कूटर दारात. "चाल भाऊ, पोहे खाऊ. बोलू नको काही." आणि खरंच बोलायचं नाही. तर्री पोहे, अर्धा कप चहा, परत. पहिल्या दोन गुरुवारी काका प्लेटमधले पोहे नुसते इकडून तिकडे करत होते. तिसऱ्या गुरुवारी त्यांनी तर्री जास्त मागितली. हे मित्रानं मला फोन करून कळवलं, एखाद्या तपासणीचा रिपोर्ट कळवावा तसं. भूक परत येणं हा रिपोर्टच होता म्हणा.

एलीयाच्या गोष्टीत हेच आहे, आणि इतकी वर्षं ऐकूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. तो रानात झुडपाखाली पडतो, मरण मागतो, झोपतो. देवदूत येतो तो उपदेश घेऊन येत नाही. ऊठ, खा, म्हणतो. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो, पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा तेच. देवाशी बोलणं पुढे चाळीस दिवसांनी.

एक गोष्ट मात्र बिघडली, आणि ती आमच्यामुळे. मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटावर कोणीतरी प्रार्थना-विनंती टाकली : काकांचं पूर्ण नाव आणि 'मानसिक आजारासाठी'. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. संध्याकाळपर्यंत शेडमध्ये बातमी. काका दोन आठवडे घराबाहेर पडले नाहीत, त्यांनी गुरुवारही चुकवले. टाकणाऱ्या बाईंनी नंतर घरी जाऊन माफी मागितली. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं, पण संदेश शंभर फोनांत होता.

नाताळ २०२३ ला काका उपासनेला आले, शेवटच्या बाकावर बसले, गायले नाहीत. पुढे मला म्हणाले, "माझ्यानं आशा नाही होत होती. पण ते लोक गात होते ना. म्हटलं, सध्या यायनं करावी आशा, मी इथं बसून राहतो." माझ्या नोंदवहीतली ही ओळ मी बऱ्याचदा उघडून बघते. आम्ही महिनाभर त्यांच्या मनात आशा निर्माण करायला धडपडत होतो. त्यांनी तोवर ती दुसऱ्यांकडे ठेवायला दिली होती.

ईस्टर आणि घसरण

जानेवारीअखेर झोप सुधारली. फेब्रुवारीत प्रश्नावलीचे गुण ७ वर आले. मार्चमध्ये त्यांनी पेटी उघडली. बंद राहून एक पट्टी अडकत होती, ती त्यांनी घरून पेचकस आणून स्वतः काढली, साफ केली, बसवली. मला तो दिवस कोणत्याही गुणांपेक्षा मोठा वाटला.

आणि मग ३१ मार्च, पुनरुत्थानाचा दिवस. पहाटेच्या उपासनेत साक्ष देण्याचा, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सर्वांसमोर सांगण्याचा, त्यांना आग्रह झाला. काका उभे राहिले. प्रभूनं मला पूर्ण बरं केलं, एवढंच म्हणाले. लोकांनी हालेलूया म्हटलं, एक वडील पुढे येऊन मिठी मारून गेले. मीही टाळ्या वाजवल्या. त्या गर्दीत मला ऐकू आलं नाही की त्या साक्षीत गोळी नव्हती, डॉक्टर नव्हते, स्कूटर नव्हती.

पूर्ण बरं झाल्याची साक्ष दिल्यावर सकाळी गोळी कशी घ्यायची? चौथ्या दिवशी त्यांनी बंद केली. कोणालाच सांगितलं नाही. डबा काकूंकडेच होता, त्यांनी गोळी हातात दिली की काका बाथरूममध्ये जाऊन टाकायचे. दोन-तीन दिवसांत चक्कर आणि डोक्यात करंट बसल्यासारखे झटके सुरू झाले. अचानक बंद केल्यावर असं होतं, म्हणूनच डॉक्टर हळूहळू कमी करतात. काकांनी अर्थ उलटा काढला : म्हणजे आपल्याला व्यसनच लागलं होतं, सुटलो ते बरं. मेच्या मध्यावर, नागपूर ४५ अंशांवर तापलेलं असताना, पहाटेचे साडेतीन परत आले. मरणाचा विचारही परत आला, पहिल्यापेक्षा स्पष्ट.

या वेळी फरक एवढाच की त्यांनी स्वतः सांगितलं. मित्राला, पोह्याच्या टपरीवर. "मी गोळ्या फेकून राहिलो." मित्रानं त्याच स्कूटरवर धंतोलीला नेलं. डॉक्टर रागावले नाहीत. गोळी पुन्हा सुरू, आठवडाभर रोज भेट, आठ दिवस काकांना एकटं ठेवायचं नाही. मुलगी पुण्याहून आली. एक वडील हळूच मला म्हणाले, हे सगळं लिहून ठेवू नका, पोलीस केस होईल. नुसत्या विचाराचा गुन्हा कधीच नव्हता. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ प्रयत्न करणाऱ्या माणसालाही तीव्र ताणाखालचा मानतं, शिक्षेचा धनी नाही. हे त्यांना मी शांतपणे सांगितलं, आतून शांत नव्हते.

त्या दिवसांत घरात एकच काम काकांकडे दिलं होतं : संध्याकाळी कूलर भरणं. अकरा बादल्या. पहिल्या दिवशी तीन भरून ते पायरीवर बसले, उरलेल्या मुलीनं भरल्या. मग पाच. मग सात. मी नोंदवहीत तेवढेच आकडे लिहीत होते.

आजची स्थिती

गुण आज ५ च्या आसपास असतात. एकदा घसरण झाल्यानं डॉक्टरांनी गोळी बरं वाटल्यानंतरही बराच काळ चालू ठेवायला सांगितली आहे. पेटी ते एक रविवार सोडून एक वाजवतात, मधल्या रविवारी ढोलकवाला पोरगा शिकतोय आणि चुकतोय. कशानं बरं वाटलं यावर एकमत नाही. वडील म्हणतात प्रार्थनेनं, काकू म्हणतात गोळीनं, मित्र म्हणतो पोह्यानं. काकांना विचारलं तर म्हणतात, "डॉक्टरनं काही बंद नको करू म्हटलं, म्हणून तिन्ही चालू ठेवले."

वेगळं काय करता आलं असतं

व्हॉट्सअॅपची चूक टाळता येण्यासारखी होती. आता नियम आहे : माणसाच्या होकाराशिवाय नाव आणि आजार गटावर जात नाही, 'एका कुटुंबासाठी' एवढंच जातं. गेल्या महिन्यात तो एकदा मोडला गेला, पाच मिनिटांत संदेश काढला.

ईस्टरची चूक माझी जास्त. साक्षीची वेळ येणार हे मला माहीत होतं. आधी बसून मी काकांशी ती नीट बोलून घ्यायला हवी होती : अजून बरा होतोय, गोळी चालू आहे, एवढं म्हणणंही साक्षच आहे. पाळकसाहेबांशीही बोलायला हवं होतं. आम्ही दोघांनी प्रवेशाची तयारी केली, बाहेर पडण्याची केलीच नाही. गोळी कधी, कशी, कोणाला विचारून थांबवायची हे पहिल्याच दिवशी कागदावर असायला हवं होतं.

काकूंकडे आम्ही उशिरा पाहिलं. सहा महिने डबा, रात्री, पाहुणे, मंडळीचे प्रश्न सगळं त्यांच्यावर. १४४१६ चे ते दोन फोन मला नंतर कळले. आता त्या मंगळवारी येतात, शेवटची वेळ त्यांची. बहुतेकदा अर्धा तास नुसत्या बसतात, जिराफाकडे बघत, आणि बालवाडीतल्या पोरांबद्दल बोलतात.

आणि एक गोष्ट अजून सुटलेली नाही. ज्या वडिलांना लपलेलं पाप दिसलं होतं, ते अजून कमिटीवर आहेत, आणि मनानं चांगले आहेत. मागच्या मंगळवारी ते दारात उभे राहिले. भाच्याबद्दल विचारायचं होतं, तो आजकाल खोलीतून बाहेर येत नाही म्हणे. मी खुर्ची पुढे केली. त्यांनी आधी वळून दार लावून घेतलं.